शालेय स्तरावरील इंग्रजी भाषा व साहित्याचे अध्ययन : एक चिकित्सा

प्रस्तावना :

महाराष्ट्रात २००० साली मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी हा विषय सुरू झाला. त्यामुळे खेड्यापाड्यांतील मुलांपर्यंत ही भाषा लवकर पोहोचली, हे निर्विवाद होय. मात्र इंग्रजी कशासाठी शिकावयाची, या प्रश्नाचे उत्तर बहुधा नोकरी व संभाषण एवढ्यापुरतेच दिले जाते. या दृष्टीने पाठ्यपुस्तकातील साहित्य अनावश्यक ठरते. प्रस्तुत लेखात या भूमिकेची चिकित्सा करावयाची आहे.

एक दाखला :

पुण्यात १८८० साली स्थापन झालेल्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये गोपाळ गणेश आगरकर शिक्षक होते. त्यांनी शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' (१८८३) हे मराठी रूपांतर केले. याच शाळेत शिकलेल्या हरि नारायण आपटे यांनी विद्यार्थिदशेतच या रूपांतरावर विस्तृत टीकालेख लिहिला. शिष्याने गुरूच्या कृतीची परखड चिकित्सा करावी, यातच साहित्याध्ययनाचे मूल्य दिसून येते. मूळ कृती आणि रूपांतर शेजारी ठेवून वाचल्याने दोन्ही भाषांची शक्ती व मर्यादा ध्यानात येतात. पुढे आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो' या कादंबरीत यमूच्या आत्मकथनातून मराठी घरातील स्त्रीचे दुःख मांडले. इंग्रजी कादंबरीच्या वाचनाने त्यांना मराठी समाजापासून तोडले नाही. उलट त्याकडे नव्या दृष्टीने पाहावयास शिकविले.

अर्थात, ही संधी त्या काळी मुख्यतः उच्चवर्णीय मुलग्यांनाच उपलब्ध होती. सावित्रीबाई फुले यांनी 'काव्यफुले' (१८५४) या संग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला, तो ज्ञानापासून वंचित ठेवलेल्यांसाठी होता.

सद्यःस्थिती :

आज वर्गाचे दार सर्वांना खुले आहे. पण आतील वाचन आक्रसले आहे. कवितेचा अभ्यास अनेकदा यमकरचना व अलंकार ओळखण्यापुरता उरतो. धड्याचा अर्थ शिक्षक मराठीत सांगतात आणि उत्तरे गाईडमधून पाठ होतात. विद्यार्थ्याचा मूळ वाक्याशी संबंधच येत नाही. ज्याच्या घरी इंग्रजी पुस्तके आहेत, तो ही उणीव भरून काढतो. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला मात्र पाठ्यपुस्तकाखेरीज दुसरा आधार नसतो. त्याच्यासाठी साहित्य वगळणे म्हणजे त्याला अर्ज लिहिण्यापुरती भाषा देऊन विचार करण्याची भाषा नाकारणे होय. महाविद्यालयात असा विद्यार्थी स्वतःचे मत मांडताना अडखळतो, तेव्हा दोष त्याच्या बुद्धीचा नसतो.

निष्कर्ष :

भाषा आधी व साहित्य नंतर, हा क्रम तपासून पाहणे आवश्यक आहे. एखादी छोटी इंग्रजी कविता विद्यार्थ्यांनी स्वतः मराठीत आणावी, परस्परांचे अनुवाद तपासावेत आणि शब्दनिवडीची कारणे सांगावीत, एवढा उपक्रम कोणत्याही शाळेत शक्य आहे. त्यासाठी वेगळ्या खर्चाची गरज नाही; परीक्षेत अशा उत्तराला गुण देण्याची तयारी मात्र हवी.