होणाऱ्याला चारा

‘तो येणार नाही’ आणि ‘तो यायचा नाही’ या दोन वाक्यांचा अर्थ एकच, असं कुणी कितीही सांगितलं तरी बाईमाणसाला ते पटायचं नाही. ‘येणार नाही’ ही बातमी झाली. फोन आला, रजा मिळाली नाही, येणार नाही. ‘यायचा नाही’ म्हणताना बोलणारीनं आतून आशा सोडलेली असते. रजा मिळाली तरी तो यायचा नाही. रागही त्यात नसतो फारसा. एक दार लोटल्यासारखा आवाज असतो, एवढंच.

हा आवाज मला दुसऱ्या एका भाषेत जसाच्या तसा ऐकू आला, ती अझरबैजानी. लेक-जावई नोकरीपायी बाकूला होते, आणि २०१९ साली नातीच्या निमित्तानं मी तिथं तीन महिने राहिले. शेजारच्या बाईंना तिथल्या रीतीनं मी ‘खाला’ म्हणे, म्हणजे मावशी. त्या मला चहाच्या वेळी भाषा शिकवत. पेरूसारख्या कमरेच्या छोट्या काचेच्या पेल्यात बिनदुधाचा चहा, सोबत वाटीत मुरांबा. बेळगावला परतल्यावर भाषा विसरू नये म्हणून दोन-तीन इंग्रजी व्याकरणं मागवली, आणि तिथून माझं भांडण सुरू झालं. या पुस्तकांबद्दल मला तक्रार आहे. तीही नेमक्या एका ठिकाणी: जे घडणार, जे घडायला हवं आणि जे घडायचंच आहे, त्याबद्दल ही भाषा जे बोलते ते या पुस्तकांत तक्त्यात बसवलं आहे आणि तक्त्यात ते मेलं आहे.

आधी भाषेबद्दल थोडं. अझरबैजानी ही तुर्की कुळातली, तुर्कस्तानच्या तुर्कीची अगदी जवळची. शंभर वर्षांच्या आत तिनं लिपी किती वेळा बदलली! अरबी होती, १९२९च्या सुमारास लॅटिन झाली, दहा वर्षांनी सिरिलिक, १९९१ नंतर पुन्हा लॅटिन. इराणातले अझरबैजानी आजही अरबी लिपीतच लिहितात. रचना मात्र आपल्याला, म्हणजे कन्नडच्या शेजारात वाढलेल्यांना, परकी वाटत नाही. धातूला एकामागून एक प्रत्यय चिकटत जातात, मणी ओवल्यासारखे. आपण ‘होगबेकु’ एका दमात म्हणतो ना, तसंच.

आता ‘गॅल’ म्हणजे ये. ‘गॅलॅजॅक’ म्हणजे येणार. ‘गॅलॅर’ म्हणजे येईल, येत असतो, आला तर येईलही. पहिल्याला शाळेत ‘निश्चित भविष्य’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘अनिश्चित’. ‘गॅलमॅली’ म्हणजे यायला हवा. ‘गॅलॅसी’ म्हणजे यायचा आहे. शिवाय ‘गॅरॅक गॅलॅ’, म्हणजे यावं, पाहिजे. (काही धातूंना ‘मॅली’ऐवजी ‘माली’ आणि ‘अॅसी’ऐवजी ‘आसी’ लागतं. तो स्वरांचा मेळ आहे, अर्थ बदलत नाही.)

पुस्तकं ‘माली’ला ‘वाजिब’ प्रकार म्हणतात आणि ‘आसी’ला ‘लाझिम’ प्रकार. दोन्ही अरबी शब्द. वाजिबचा आपला ‘वाजवी’ झाला आणि लाझिम आपण हिंदी-उर्दूतून ऐकतो. पण दोन्हींचा अर्थ जवळजवळ एकच, आवश्यक! एका डब्यावर ‘साखर’ आणि दुसऱ्यावर ‘शर्करा’ अशी चिठ्ठी लावली तर सुनेनं काय समजायचं? इंग्रजी पुस्तकांनी तर दोन्हींपुढे एकच अर्थ लिहून टाकला आहे, आणि ‘आसी’ला ‘हे कमी वापरतात’ म्हणून एका ओळीत वाटेला लावलं आहे.

कमी वापरतात हे होकारापुरतं खरं असेल. नकार ऐका. ‘गॅलमॅली देयिल’ म्हणजे त्यानं यायचं कारण नाही, यायला नको. ‘गॅलॅसी देयिल’ म्हणजे तो यायचा नाही. पहिल्यात कुणीतरी नियम सांगतंय. दुसऱ्यात नियम नाही, हुकूम नाही, सांगणारा कुणी वर बसलेला नाही. ती गोष्टच तशी आहे. ‘हे काम सुधारायचं नाही’, ‘हा पाऊस थांबायचा नाही’ म्हणताना आपण जे म्हणतो तेच. माझ्या मते ‘माली’ बाहेरून ढकलतं आणि ‘आसी’ आतून निघतं. व्याकरणकारांनी होकारी वाक्यांचा तक्ता केला आणि नकाराकडे वळून पाहिलं नाही, म्हणून दोन्ही सारखे दिसले. मराठी माणसानं हे पुस्तक लिहिलं असतं तर ‘-आयचा’ हा एक प्रत्यय दाखवून दोन ओळींत काम झालं असतं. ‘करायचं काम’, ‘सांगायची गोष्ट’ हेसुद्धा ते ‘आसी’नंच म्हणतात.

आणि ‘माली’सुद्धा नुसता हुकूम नव्हे. बाकूत पिण्याच्या पाण्याला ‘इचमॅली सू’ म्हणतात. शब्दाला शब्द लावला तर ‘प्यायलाच हवं असं पाणी’. गमतीदार गोष्ट म्हणजे ‘ग्यूलमॅली’, हसायलाच हवं अशी. खाण्याजोगं ते ‘येमॅली’. सक्ती म्हणून सुरू झालेला प्रत्यय योग्यतेवर येऊन थांबतो. आपल्याकडे संस्कृतातून आलेल्या ‘दर्शनीय’, ‘वाचनीय’चं तेच झालं आहे. इचमॅली सू म्हटलं की मला काराबाखच्या शुशा गावची कवयित्री खुर्शीदबानू नातवान आठवते. शेवटच्या खानाची मुलगी, १८३२ची. गझला लिहायची, सुंदर भरतकाम करायची, कवींची मंडळी चालवायची. तरुण मुलगा गेल्यावर तिनं लिहिलेल्या शोकाच्या गझला आजही गातात. पण तिच्या गावानं तिला लक्षात ठेवलं ते तिनं डोंगरावरच्या गावात पिण्याचं पाणी आणलं म्हणूनही. दैवावर रडणारी आणि नळ टाकून घेणारी बाई एकच होती. हे पूर्वेकडच्या लोकांना दैववादी म्हणणाऱ्यांनी जरा ध्यानात घ्यावं.

‘गॅरॅक’ची गंमत वेगळी. ‘मला ते गॅरॅक नाही’ म्हणजे नको आहे, लागत नाही. आणि क्रियापदाच्या आधी आला की ‘केलं पाहिजे’. आपलं ‘पाहिजे’ आणि कन्नडचं ‘बेकु’ हीच दोन कामं करतात. पण गॅरॅकनंतर येणारं रूप पाहा. ते इच्छेचं रूप आहे, आशीर्वादाचं. लग्नात नव्या जोडप्याला म्हणतात, ‘गोशा गारीयासीनीझ’, जोडीनं म्हातारे व्हा. तेच रूप, त्याआधी ‘गॅरॅक’ ठेवलं की कर्तव्य होतं. म्हणजे आशीर्वाद आणि जबाबदारी यांत फक्त एका शब्दाचं अंतर. मराठीतही ‘सुखी व्हावं’ आणि ‘व्हावं लागतं’ यांत ‘व्हावं’ एकच आहे. हे ‘-आवं’ संस्कृत ‘-तव्य’पासून प्राकृतातून आलं. स्वाध्यायात प्राकृत वाचणाऱ्या भगिनींना ‘कायव्वं’ हा शब्द ओळखीचा असेल, कर्तव्य. म्हणजे ‘भवितव्य’ आणि ‘व्हावं’ ही एकाच घरची भावंडं. एक सोवळं नेसून बसलं आणि दुसरं घरकामाला लागलं.

भवितव्याचा विषय निघालाच आहे तर जाता जाता: सिद्धर्षींनी इसवी सन ९०६ मध्ये ‘उपमितिभवप्रपंचा कथा’ रचली. त्यात संसारी जीवाची बायकोच भवितव्यता आहे. पुढच्या जन्माची गोळी नवऱ्याला तीच देते. दैवाला इतकं घरगुती रूप दुसऱ्या कुणी दिल्याचं माझ्या वाचनात नाही.

आता ज्या शब्दावरून या भाषेला दैववादी ठरवलं जातं तो, ‘ओलाजाग’. ओल म्हणजे हो. ओलाजाग म्हणजे होणार, आणि नाम म्हणून ‘होणारं’. त्यांची म्हण आहे, ‘ओलाजाग़ा चारॅ योखदुर’. होणाऱ्याला चारा नाही. हा ‘चारॅ’ आपलाच, ‘दुसरा चारा नाही’ मधला, दोघांनीही फारसीकडून घेतलेला. नशीब त्यांचं ‘नॅसीब’, किस्मत ‘गिस्मॅत’, आणि ‘ताले’ म्हणजे दैव, ज्यापासून आपण ‘तालेवार’ केला. कपाळावर लिहिलेलं असतं हेही त्यांच्याकडे आहेच. लिहिलेलं पुसता येत नाही, अशी म्हणही आहे.

पण पुस्तकांतली ‘निश्चित भविष्य’ ही चिठ्ठी इथं पुरती फसते. ओलाजाग निश्चित आहे असं म्हणायचं, आणि तेच रूप माणूस स्वतःच्या निश्चयासाठीही वापरतो. ‘याझाजाग़ाम’, मी लिहिणार. मग निश्चित कोण करतं, दैव की मी? भाषा सांगत नाही. आपलं ‘होणार’ आणि ‘मी करणार’ यांतलं ‘-णार’ तरी कुठं सांगतं? उलट, दैवाचं नाव खरोखर घेतलं की क्रियापद ढिलं होतं. ‘गिस्मॅत ओल्सा गॅलॅरिक’, नशिबात असलं तर येऊ. तिथं ‘येणारच’चं रूप सहसा नाही, ‘येईल’चं. नशीब असलेल्या वाक्यात खात्री कमी आणि नशीब नसलेल्या वाक्यात जास्त! एवढ्या एका गोष्टीवर खरं तर एक प्रकरण लिहायला हवं होतं. पुस्तकात ते तळटीपेतही नाही.

आणि चारा नाही म्हणणारे हेच लोक ‘दॅदॅ गोरगुद’मधली वेड्या दोमरुलची गोष्ट आवडीनं सांगतात. (या जुन्या कथांची बारा कथांची पोथी जर्मनीत ड्रेस्डेनला आहे.) दोमरुल कोरड्या नदीवर पूल बांधतो. जो पुलावरून जाईल त्याच्याकडून तेहतीस नाणी घेतो आणि जो जाणार नाही त्याला बडवून चाळीस. असा हा गडी मृत्यूच्या दूताशी भांडायला उठतो. मग हरतो, गयावया करतो. जिवाच्या बदली जीव आण म्हणतात. बाप देत नाही, आई देत नाही. बायको लगेच हो म्हणते. तेव्हा तो देवाला विनवतो, नेलंस तर दोघांना ने, सोडलंस तर दोघांना सोड. आणि त्यांना एकशेचाळीस वर्षं मिळतात. इतक्या घासाघिशीनंतर ‘चारा नाही’चा अर्थ काय उरला? माझा अंदाज, ती म्हण होण्याआधी म्हणायची नाहीच. झाल्यानंतर शेजारणीचा हात धरून म्हणायची आहे.

खालांकडे वळते. त्या आग़दामच्या. त्या गावात पावाचं संग्रहालय होतं हे त्या अभिमानानं सांगत. १९९३च्या जुलैमध्ये गाव पडलं. सगळे निघाले. त्या दिवसाबद्दल त्या दोन रूपांत बोलत. लोकांसमोर, माझ्या जावयासमोर, ‘चीखमाली ओल्दुग’, निघावं लागलं. माझ्यापाशी, नात मांडीवर असताना, एकदा म्हणाल्या, ‘चीखासी इमिशिक’. निघायचंच होतं म्हणे आमचं. ते ‘इमिश’ शेवटी लागलं की अर्थ होतो, नंतर कळलं, आधी ठाऊक नव्हतं. तक्त्यात हे रूपही आहे, दहा रूपांत एक.

या ‘माली ओल्दुग’बद्दल मला एक खुपतं, आणि आपल्या ‘-आवं लागलं’बद्दलही तेच. कुणामुळे, ते त्यात सांगावंच लागत नाही. निघावं लागलं, विकावं लागलं, शाळा सोडावी लागली. लावणारा वाक्याबाहेर उभा राहतो, हात झटकून. बातम्या, सरकारी कागद आणि सासरची माणसं या सोयीचा पुरेपूर उपयोग करतात. २०२३च्या सप्टेंबरात काराबाखमधून लाखावर आर्मेनियन माणसं घरदार टाकून निघाली. त्यांच्याही घरात आता असंच एखादं क्रियापद असणार. तेव्हा दोष एका भाषेचा नाही. पण भाषेचं व्याकरण लिहिणाऱ्यानं ही पळवाट तरी दाखवावी की नाही? ‘खालांना निघावं लागलं’ आणि ‘मला बाजारात जावं लागलं’ हे एकाच खणात ठेवून तो मोकळा होतो.

२०१९ मध्ये खालांच्या घरात एक तिसरं रूप रोज ऐकू येई, ‘गायीदाजाग़ीग’. परतणार आम्ही. नातवंडांनाही ते पाठ होतं, ज्यांनी आग़दाम पाहिलंच नव्हतं. पुढे २०२०च्या शरदात युद्ध झालं आणि २० नोव्हेंबरला आग़दाम परत मिळालं. मिळालं म्हणजे काय, मशिदीचे दोन मनोरे उभे होते आणि सभोवती भिंतींचे खुंट, जमिनीत सुरुंग. आता तिथं नवी घरं बांधतायत. खालांच्या मुलानं नाव नोंदवलंय.

लेकीनं परवा त्यांना फोन लावून दिला. मुलगा मागून मोठ्यानं म्हणत होता, गायीदाजाग़ीग, परतणार. खाला एवढंच म्हणाल्या, ‘मॅन गेदॅसी देयिलॅम.’ लेक मला सांगायला लागली, आई, त्या म्हणतायत मी जाणार नाही. मी म्हटलं, तसं नव्हे गं. त्या म्हणतायत, मी काही आता जायची नाही.