होलीहेवनच्या घंटा

नवं पुस्तक हातात आलं की मी ते लगेच उघडत नाही. मिटलेलंच उजेडात धरतो आणि वरच्या बाजूने कण्याजवळ डोकावतो. छापलेल्या कागदांचे फर्मे घडी घालून दोऱ्याने शिवलेले असले, तर तिथे एकाला एक लागून बारीक कमानी दिसतात, एखाद्या जुन्या वाड्याच्या ओसरीसारख्या. कडा कापून नुसता डिंक फासलेल्या पुस्तकात त्या नसतात. असं पुस्तक टेबलावर उघडं ठेवलं की आपोआप मिटतं, आणि जोर केला तर मधल्या दोन पानांसकट सुटतं. शिवलेलं पुस्तक हात न लावता उघडं राहतं. रात्री एकट्याने भुताची गोष्ट वाचणाऱ्याला ही सोय किती मोलाची आहे, हे हातातला चहाचा कप थरथरल्याशिवाय कळायचं नाही.

इंग्लंडात यॉर्कशरमधली टार्टारस प्रेस ही अशी शिवलेली पुस्तकं काढते. रे रसेल यांनी 1990 साली ती सुरू केली, आणि रोझली पार्कर यांच्यासह ते ती चालवतात. दोन माणसांचा हा कारखाना. एका पुस्तकाच्या तीनशे-साडेतीनशे प्रती छापायच्या, त्या संपल्या की बहुतेक वेळा संपल्या. माझ्या कपाटातली त्यांची पुस्तकं लांबून पाहिली तर एखाद्या जुन्या धर्मादाय संस्थेचे वार्षिक अहवाल वाटतात. सायीच्या रंगाचं वेष्टन, त्यावर शीर्षक आणि लेखकाचं नाव, क्वचित एखादं छोटं चिन्ह. आत खुणेची रेशमी फीत, कण्याच्या वरखाली शिवलेल्या पट्ट्या. कवटी नाही, रक्त नाही, खिडकीतून रोखलेले लाल डोळे नाहीत. आपण वाचनालयातून नारायण धारपांची पुस्तकं आणायचो तेव्हा मुखपृष्ठच अर्धी गोष्ट सांगून टाकायचं, म्हणून घरी पोचताच मी त्यांना वर्तमानपत्राचं कव्हर घालत असे. आईला वाटायचं, पुस्तक जपतोय. टार्टारसच्या पुस्तकांना कव्हराची गरज नाही, ती स्वतःच तोंडाला कुलूप लावून आलेली असतात. भीतीच्या पुस्तकाने बाहेरून इतकं सभ्य दिसावं, यातच प्रकाशकाची अर्धी जाण आली.

अशा छोट्या प्रकाशकांच्या घराण्याचा मूळपुरुष अमेरिकेतला. एच. पी. लव्हक्राफ्ट 1937 साली वारला तेव्हा त्याच्या कथा स्वस्त मासिकांच्या पिवळ्या पानांत विखुरलेल्या होत्या. ऑगस्ट डर्लेथ आणि डोनाल्ड वँड्राय या दोघा चाहत्यांनी 1939 साली विस्कॉन्सिनमधल्या सॉक सिटी या गावातून अर्कहॅम हाउस सुरू केलं, ते त्या कथांचं एक जाडजूड पुस्तक काढण्यासाठी. प्रती 1268, किंमत 5 डॉलर. त्या खपायला चार वर्षं लागली. अर्कहॅमच्या जुन्या पुस्तकांत मला सगळ्यांत आवडतं ते शेवटचं पान. किती प्रती छापल्या, टाइप कुठला, कागद कुठला, छापखाना कुठल्या गावचा, बांधणीचं काळं कापड कुठल्या नावाचं, सगळं तिथे नोंदवलेलं असतं. ही आपल्या पोथीची पुष्पिकाच. लेखनिक शेवटी शक, तिथी आणि गाव लिहून पोथीच्या वतीने विनवतो की मला तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून जप, मूर्खाच्या हाती देऊ नकोस. विस्कॉन्सिनच्या डर्लेथला हे ठाऊक असण्याचं कारण नाही, पण काळजी तीच, फक्त डॉलरमध्ये.

छोट्या प्रकाशकाच्या धाडसाचं उदाहरण हवंच असेल तर अँड्र्यू मायकल हर्ली या तोवर अपरिचित कादंबरीकाराचं घ्या. त्याची ‘द लोनी’ टार्टारसने 2014 साली तीनशे प्रतींत काढली. पुढच्या वर्षी ती एका मोठ्या प्रकाशकाने उचलली आणि पहिल्या कादंबरीसाठीचा कोस्टा पुरस्कार तिला मिळाला. आता ते तीनशेवाले तीनशे जण मिशीला पीळ देत फिरतात. मी त्यांत नाही, आणि त्याबद्दल अधिक बोलत नाही.

मला बोलायचंय ते रॉबर्ट एकमॅनबद्दल. त्याच्या समग्र कथा टार्टारसने 1999 साली दोन खंडांत आणल्या, नंतर एकेक संग्रह वेगळा काढला. 1914 साली जन्मलेला हा गृहस्थ इंग्लंडातले जुने कालवे वाचवणाऱ्या संस्थेचा एक संस्थापक. एकीकडे बुजत चाललेल्या जलमार्गांसाठी सरकारशी भांडायचं, दुसरीकडे वर्षाकाठी एखाद-दोन कथा लिहायच्या. त्यांना ‘भयकथा’ म्हटलेलं त्याला रुचत नसे, तो त्यांना चमत्कारिक कथा म्हणे. रत्नाकर मतकरींनी ‘गूढकथा’ हा शब्द आपल्याकडे रुजवला, त्यामागेही अशीच काहीशी नापसंती असावी. भय हा परिणाम झाला, गूढ हा गाभा. भुताच्या गोष्टीचं नातं कवितेशी आहे असं एकमॅन मानायचा. हे वाचून भुवया उंचावणाऱ्यांनी ‘डार्क एंट्रीज’ या 1964 च्या संग्रहातली ‘रिंगिंग द चेंजेस’ वाचावी.

शीर्षकापासूनच पाहू. इंग्लंडच्या देवळांतल्या मोठ्या घंटा सूर वाजवत नाहीत. प्रत्येक घंटा चाकावर पूर्ण गोल फिरते, खाली एकेक दोर एकेका माणसाच्या हातात, आणि घंटांचा क्रम दर फेरीला बदलत न्यायचा, एकही क्रम दुसऱ्यांदा न येऊ देता. सहा घंटांचे 720 क्रम होतात, सातांचे 5040, ते पुरे करायला तीनेक तास लागतात. आठ घंटांचे 40,320. ते सगळे 1963 साली लफबरो इथे जवळपास अठरा तासांत वाजवले गेले. म्हणजे शीर्षकातले ‘बदल’ हे आधी गणिताचे बदल आहेत. कथा संपेपर्यंत ते दुसऱ्याच कशाचे तरी होऊन बसतात, आणि शीर्षकातलं एक अक्षरही हललेलं नसतं.

मराठी वाचकासाठी या कथेत एक जादा दचका आहे, जो इंग्रज वाचकाला बहुधा इतका लागत नसेल. आपण पूजेच्या आरंभी घंटा वाजवतो ती देवांनी यावं आणि राक्षसांनी जावं म्हणून. वसई पडल्यावर 1739 साली मराठ्यांनी आणलेल्या चर्चच्या घंटा नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, मेणवलीत टांगल्या गेल्या आणि बिनतक्रार हिंदू देवांना जागवू लागल्या. घंटेचा आवाज म्हणजे अभय, ही आपली लहानपणापासूनची खात्री. होलीहेवन या पूर्व इंग्लंडातल्या काल्पनिक गावात मात्र घंटा वाजतात त्या मेलेल्यांना उठवण्यासाठी. वर्षातून एका रात्री.

तिथे येतं ते नवविवाहित जोडपं. जेराल्ड तिच्यापेक्षा चोवीस वर्षांनी मोठा, ती फ्रायनी. नाव तिच्या बापाच्या ग्रीकप्रेमातून आलेलं. प्राचीन अथेन्समधली एक रूपगर्विता गणिका या नावाची होती. एकमॅन या नावाकडे बोट दाखवत नाही, नुसतं ठेवून देतो. चोवीस हा आकडाही तो असाच लवकर, हिशेब सांगावा तसा सांगतो आणि वाचक तो विसरतो. जेराल्ड विसरत नाही. स्टेशनावर, हॉटेलात, जेवणाच्या टेबलावर तो बायकोकडे पाहतो तेव्हा प्रत्येक वेळी कुठेतरी ती वजाबाकी चालू असते. भूत यायला अजून अर्धी कथा बाकी आहे, पण घरात शिरायला फट कुठे आहे हे लेखकाने दाखवून ठेवलेलं आहे.

आगगाडी रेंगाळत, उशिरा पोचते. पोचतात तेव्हा एक घंटा वाजत असते, मग दुसऱ्या देवळाची तीत मिसळते. सराव चालला असेल, अशी समजूत आधी घातली जाते. आवाज वाढतो, थांबत नाही. इथे लेखकाचा संयम पाहा: कितीतरी पानं घंटा ही निव्वळ गैरसोय आहे. बोलणं ऐकू येत नाही, जेवणात लक्ष लागत नाही, हॉटेलवाली बाई प्यायलेली आहे. शेजारच्या मांडवात लाउडस्पीकर लागला की आपण जसे चरफडतो, तसा जेराल्ड चरफडतो. चिडलेला माणूस घाबरत नसतो, आणि घाबरण्याची वेळ आली आहे हे त्याला उशिरा कळावं, यासाठीच ही चिडचिड.

माझ्या मते कथेचा सर्वांत उंच क्षण भुतांचा नाही, समुद्राचा आहे. जेवणाआधी दोघं समुद्र पाहायला निघतात. गाव किनाऱ्याचं. अंधार, पायाखाली वाळूगोटे, मागून घंटांचा गदारोळ. चालतात, चालतात, आणि समुद्र सापडत नाही. लाट ऐकू येत नाही, पाणी दिसत नाही, येतो तो फक्त एक वास. कोकणातल्या माणसाला हे वाचून आधी हसू येईल: ओहोटी असेल, त्यात काय! पण हर्णेच्या किंवा गुहागरच्या किनाऱ्यावर ऐन अंधारात, पाण्याच्या आवाजाशिवाय, नुसत्या वासावर चालून पाहा. समुद्र जागेवर नसणं म्हणजे काय, हे पायांना आधी कळतं. आणि खुबी अशी की एकमॅन याचा पुढे खुलासा करत नाही. मेलेले उठले हे आपल्याला पुढे सांगितलं जातं. समुद्र कुठे गेला हे कधीच नाही. कथेतलं समजलेलं गूढ लहान आहे, न समजलेलं मोठं, आणि मोठं त्याने वाटेत सहज टाकून दिलं आहे.

एक खोट काढतो. हॉटेलात मुक्कामाला असलेला म्हातारा कमांडंट जेराल्डला बाजूला घेऊन, बायकोला घेऊन इथून निघून जा असं बजावतो आणि घंटांचा अर्थ स्पष्ट शब्दांत सांगतो. ही सूचना जरा जास्तच शुद्धीवरची आहे. एकमॅन पुढे अधिक मुका झाला, याच संग्रहातली ‘बाइंड युवर हेअर’ त्याची साक्ष. पण कमांडंटच्या त्या भाबड्या स्पष्टतेमुळेच पुढचा झटका बसतो, हेही कबूल केलं पाहिजे. कारण आपण आता घंटांना भिऊ लागलेले असतो, आणि नेमक्या तेव्हा घंटा थांबतात. इतका वेळ ज्या आवाजाला शिव्या दिल्या तो पुन्हा सुरू व्हावा असं वाचकाला वाटायला लावणं, ही कारागिरी मी दुसरीकडे फारशी पाहिलेली नाही.

मग रस्त्यावर हाक उठते, आणि जिवंत व मेलेले एकत्र नाचत येतात. खोलीचं दार टिकत नाही. काळोखात हातांची साखळी, गाणं, आणि फ्रायनी त्यात ओढली जाते. मेलेल्यांचं वर्णन जवळजवळ नाहीच. कोणाचा चेहरा, कोणाचं हाड, काही नाही. आपल्याकडे सिनेमात भूत दाखवायला मेकअपवाल्याचे सहा तास जातात. एकमॅन दिवा लावायचंच टाळतो. पुढे कमांडंट तिला परत आणतो.

आणि सकाळ. शेवट सांगतोय, ही कथा शेवट कळल्याने बिघडणारी नाही, मी ती सहाव्यांदा वाचतानाही थांबलो तो इथेच. दोघं गाव सोडून निघतात. वाटेत दफनभूमीत गावची माणसं फावडी घेऊन मुकाट खणत असतात, रात्रीचं आवरून ठेवणं चालू असतं. जेराल्डला ते दृश्य भयंकर वाटतं. फ्रायनीला वाटत नाही. तिच्या गालांवर लाली येते, ओठांवर काही तरी क्षणभर उमलून जातं. बस्स, एवढंच. तो ते पाहतो, आणि ती चोवीस वर्षांची वजाबाकी आता कायमची मांडली गेली आहे हे दोघांपैकी कोणीही बोलणार नाही. मेलेले पुन्हा जमिनीत गेले. बदल झाला तो जिवंत बाईत. सात घंटांच्या 5040 क्रमांत एकही पुनरावृत्त होत नाही, हे शीर्षकाने आधीच सांगून ठेवलं होतं.

ही कथा 1955 साली लेडी सिंथिया अॅस्क्विथ यांनी संपादित केलेल्या एका भूतकथासंग्रहात पहिल्यांदा आली. तिथे ती इतर लेखकांच्या गर्दीत होती. शिवलेल्या बांधणीच्या, सायीच्या रंगाच्या पुस्तकात ती वाचताना तिच्या भोवती मोकळी जागा असते, समास रुंद असतो, पान स्वतःहून मिटत नाही. फ्रायनीच्या गालांवरच्या लालीपाशी फीत ठेवून मी पुस्तक उघडंच टेबलावर सोडतो आणि पाणी पिऊन येतो. परत येईपर्यंत ते तसंच उघडं असतं. पावसाळ्यात या वेष्टनांवर तपकिरी ठिपके उमटतात, त्यासाठी कपाटात कडुनिंबाचा पाला ठेवतो. उपयोग किती होतो माहीत नाही, पण पोथीची विनवणी मोडवत नाही.

टार्टारसच्या प्रती आता मिळणं अवघड, आणि मिळाल्या तरी टपालाचा खर्च ऐकून घरात वेगळीच भीती पसरते. फेबरने एकमॅनच्या जन्मशताब्दीला, 2014 साली, ‘डार्क एंट्रीज’ कागदी बांधणीत पुन्हा आणलं आहे, ते घ्या. संग्रहात सहा कथा आहेत, ‘रिंगिंग द चेंजेस’ दुसरी. पहिली गाळून तिच्यावर उडी मारू नका.