चारशे गाड्या आणि न विचारलेला प्रश्न : श्लुम्फ संग्रहाचं एक परीक्षण

पीएचडीच्या तयारीला लागलेल्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं: "डेटा भरपूर जमलाय, फक्त विषय पक्का व्हायचाय." ऐकायला बरं वाटतं. पण आधी जमवायचं आणि प्रश्न नंतर शोधायचा, हा क्रम कुठे घेऊन जातो? ते तपासायला आज थोडं लांबचं उदाहरण घेऊ: फ्रान्समधल्या मुलूझ शहरातला, हान्स आणि फ्रिट्झ श्लुम्फ या भावांनी जमवलेला जुन्या मोटारींचा संग्रह. आज तो राष्ट्रीय संग्रहालय आहे, आणि जगातल्या सगळ्यात मोठ्या मोटार-संग्रहांत त्याची गणना होते. प्रदर्शनाची मांडणी, रोषणाई वगैरे बाजूला ठेवतो. संग्रह घडला कसा, आणि पुरावा म्हणून त्याला किती वजन द्यायचं, एवढंच पाहू.

थोडक्यात हकिगत

श्लुम्फ बंधू लोकरीच्या सूतगिरण्यांचे मालक. 1960 च्या दशकात धाकट्या फ्रिट्झने जुन्या गाड्यांची खरेदी जोरात सुरू केली. एतोरे बुगाटीचा कारखाना त्याच अल्सास प्रांतात, मोल्सहाइम गावी होता, आणि फ्रिट्झचा जीव या बुगाटी गाड्यांवर. 1963 मध्ये त्याने थेट कारखान्याकडच्याच गाड्या घेतल्या. 1964 मध्ये अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या जॉन शेक्सपियर या संग्राहकाच्या 30 बुगाटी एकदम उचलल्या. मुलूझमधल्या एका जुन्या गिरणीत गुपचूप कारागीर बसवून गाड्या दुरुस्त करून घेणं चालू होतं. बाहेर फारसा कुणाला पत्ता नव्हता.

1970 च्या दशकात कापडधंदा बसला. 1976 मध्ये गिरण्या अडचणीत आल्या, कामगारकपात झाली, आणि दोघे भाऊ सीमेपलीकडे स्वित्झर्लंडमध्ये निघून गेले. मार्च 1977 मध्ये कामगारांनी मुलूझची गिरणी ताब्यात घेतली. आत त्यांना काय दिसलं? शेकडो चकचकीत गाड्या. सुमारे दोन वर्षं ती जागा कामगारांच्या ताब्यात राहिली आणि लोकांसाठी खुली होती. 1978 मध्ये संग्रहाला ऐतिहासिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यामुळे त्याचे तुकडे करून विकणं थांबलं. 1982 मध्ये त्याचं राष्ट्रीय संग्रहालय झालं.

सॅम्पल म्हणून पाहिलं तर

संग्रहालयात चारशेच्या वर गाड्या आहेत, जवळजवळ शंभर वेगवेगळ्या कंपन्यांच्या. म्हणजे विविधता आहे की! मोटारीचा इतिहास अभ्यासायला याहून चांगलं काय मिळणार?

जरा आकडे मांडू. या चारशेंत बुगाटी शंभराहून जास्त, म्हणजे ढोबळमानाने दर चौथी गाडी बुगाटी. आता रस्त्यावरचा हिशेब बघा. एतोरेच्या कंपनीने एकूण बनवल्या जेमतेम आठ हजारांच्या आसपास गाड्या. 1908 ते 1927 या काळात फोर्डने नुसत्या मॉडेल टी काढल्या दीड कोटी. भागाकार केला तर एका बुगाटीमागे 1,800 हून जास्त मॉडेल टी. संग्रहात हे प्रमाण पार उलटं झालंय.

रोयाल हे त्याचं टोक. 12.7 लिटरचं इंजिन असलेली, राजेमहाराजांसाठी काढलेली ही बुगाटी बाजारात आपटली. मूठभरच बनल्या, आणि बाहेरच्या गिऱ्हाइकांना विकल्या गेल्या फक्त तीन. आज जगात सहा शिल्लक आहेत, त्यातल्या दोन मुलूझमध्ये. गिऱ्हाइकांनी नाकारलेली गाडी संग्रहात मध्यभागी मिरवतेय! याचं कारण सरळ आहे. रोज राबणारी गाडी झिजते आणि भंगारात जाते. गॅरेजमध्ये कौतुकाने झाकून ठेवलेली टिकते. म्हणजे 'काय टिकलं' यावरून 'काय वापरलं जायचं' हा निष्कर्ष निघत नाही. 'शंभर कंपन्या' हा आकडा विविधता दाखवतो, प्रातिनिधिकता नाही. या दोन्हींत गल्लत करू नका.

याच रोयालची आणखी एक गंमत. गाडी खपेना, तेव्हा एतोरेने तिची इंजिनं रेल्वेच्या मोटर-डब्यांना बसवली, आणि ते मोटर-डबे फ्रान्सच्या रुळांवर खरोखर धावले. या इंजिनाचं खरं कामाचं आयुष्य रस्त्यावर नाही, रुळांवर गेलं. तसा एक मोटर-डबा आज मुलूझच्याच रेल्वे संग्रहालयात उभा आहे. एकाच इंजिनाची गोष्ट, पण दोन इमारतींत वाटलेली. कारण एकाने 'मोटारी' जमवल्या, दुसऱ्याने 'रेल्वे'. आपण डेटा कोणत्या खणात टाकतो, त्यावर आपल्याला काय दिसणार हे ठरतं.

चकाकी आणि पुरावा

मी मटेरियल सायन्सवाला, त्यामुळे माझी मुख्य तक्रार इथे आहे. जुन्या गाडीवरचा रंग म्हणजे थरांची वहीच. रंगाचा बारीकसा तुकडा आडवा कापून मायक्रोस्कोपखाली धरला, की गाडी किती वेळा रंगवली, मूळ रंग कोणता, मधे गंज चढला होता का, हे वाचता येतं. एक्स-रे फ्लुरोसन्स लावला तर रंगात शिसं होतं का तेही कळतं. पण गाडी 'नव्यासारखी' करायची म्हटलं की पहिलं पाऊल काय? घासून पत्रा उघडा करणं. म्हणजे वहीच धुऊन टाकणं. वर नवा रंग कितीही सुंदर असो, तो दुरुस्ती झाली त्या वर्षाचा पुरावा आहे, गाडीच्या जन्मसालाचा नाही.

मुलूझमध्ये एक तिसरी रोयालही दिसते, एस्डर्स रोडस्टर. मूळ एस्डर्सच्या चॅसीवरची बॉडी काढून पुढे दुसरी चढवली गेली, आणि ती गाडी आज वेगळ्याच रूपात दुसरीकडे आहे. मुलूझची आहे ती प्रतिकृती. प्रतिकृती बनवणं यात गैर काही नाही. आकार कसा होता हे समजायला ती उत्तम. पण तिच्यावरून 1932 च्या कारागिरीबद्दल विधान केलं तर परीक्षक तुम्हाला तिथेच पकडणार, आणि त्यांचं बरोबर असणार.

उलट बाजूचं उदाहरणही याच घराण्यातलं आहे. माल्मरस्पाख या गावी श्लुम्फ कुटुंबाच्या दुरुस्त न केलेल्या गाड्या धूळ खात पडून होत्या. 2008 मध्ये त्यातल्या 62 गाड्या अमेरिकन संग्राहक पीटर मलिन आणि साथीदारांनी घेतल्या. पुढे त्यांतल्या काही कॅलिफोर्नियातल्या त्याच्या संग्रहालयात जशाच्या तशा मांडल्या गेल्या, गंज, फाटक्या गाद्या, सगळ्यासकट. फ्रिट्झचा हात पोचला नाही, म्हणूनच त्या बोलक्या राहिल्या. त्याच्या छंदावर याहून कडक टीका मला सुचत नाही.

खर्च कुणाचा?

हा मुद्दा संशोधनाबाहेरचा वाटेल, पण नाही. गाड्यांमागचा पैसा गिरण्यांतून आला. ज्या हातांनी सूत कातलं, त्यांची नोकरी गेली तेव्हा गाड्या मात्र झळाळत होत्या. संतापाच्या भरात कामगारांनी एक ऑस्टिन 7 जाळल्याची नोंद आहे. बाकी संग्रह त्यांच्याच ताब्यात असताना शाबूत राहिला. म्हणजे आज आपण जो 'श्लुम्फ संग्रह' म्हणतो, तो टिकवण्यात नावात नसलेल्या माणसांचाही वाटा आहे. तुमच्या डेटामागेही अशी माणसं असतात: नमुने देणारे रुग्ण, माहिती देणारे शेतकरी, रात्री उपकरण चालू ठेवणारे लॅब असिस्टंट. त्यांची नोंद ठेवणं हा सौजन्याचा भाग आहेच, पण डेटा कुठून आणि कसा आला याच्या हिशेबाचाही तो भाग आहे.

दुसरी बाजू

फ्रिट्झला नुसतं झोडपणं सोपं आहे. त्या काळी जुन्या बुगाटीला आजच्यासारखा भाव नव्हता. त्याने घेतल्या नसत्या तर कित्येक गाड्या सुटे भाग म्हणून संपल्या असत्या. एकाच कंपनीच्या शंभरावर गाड्या शेजारी शेजारी असणं ही तांत्रिक तुलनेसाठी मोठी सोय आहे. एकाच मॉडेलच्या दोन चॅसींत कारखान्याने काय बदललं, असा नेमका प्रश्न घेऊन जा, हाच संग्रह सोन्याची खाण ठरेल. 'विसाव्या शतकात लोक कशात बसून फिरायचे' हा प्रश्न घेऊन जाल, तर तो तुम्हाला साफ फसवेल. संग्रह तोच, प्रश्नागणिक त्याची किंमत बदलते.

म्हणून सिनॉप्सिस लिहायला बसण्याआधी जमवलेल्या डेटाला, पीडीएफच्या फोल्डरलासुद्धा, तीन गोष्टी विचारा. हे माझ्यापर्यंत का टिकून आलं, आणि काय आलं नाही? माझ्या आधी कुणी ते 'घासून स्वच्छ' केलंय का? आणि यातून कोणत्या प्रश्नाचं उत्तर मिळूच शकत नाही? तिसऱ्याचं उत्तर सिनॉप्सिसमध्ये 'मर्यादा' या मथळ्याखाली स्वच्छ शब्दांत लिहा. आरआरसीपुढे तोच परिच्छेद तुमच्या बाजूने उभा राहतो.