माशीच्या गळाचें महाग रीळ

गेल्या मार्गशीर्षांत माझी बहीण आणि तिचा मुलगा चार दिवस निरवांगीस आमच्याकडे राहिलीं. भाचा विलायतेंत नोकरीस असतो. तेथें त्याला माशीच्या गळाचा छंद लागला असून, येतांना त्यानें आपली काठी व दोन रिळें बरोबर आणिलीं होतीं. त्यांतलें एक त्यानें मऊ पिशवींतून काढून माझ्या हातीं दिलें, तेव्हां वडिलांच्या खिशांतल्या घड्याळाची मला आठवण झाली. निळसर झांकेचें, हलकें, बोट लावतांच निःशब्द फिरणारें असें तें सुंदर यंत्र होतें. किंमत विचारतां भाचा जरा घुटमळला. आपल्या रुपयांत पन्नास हजारांच्या वर! माझ्या बहिणीनें एवढेंच विचारलें, “अरे, यानें मासे जास्त मिळतात का?” प्रश्न गृहिणीचा असला तरी टीकाकारानेंही प्रथम हाच विचारावयास पाहिजे.

ज्या वाचकांस हा प्रकार अपरिचित असेल त्यांच्याकरितां थोडा खुलासा करणें जरूर आहे. साध्या गळांत शिशाचें किंवा आमिषाचें वजन दोरीला ओढून नेतें. माशीच्या गळांत नेमकें उलट असतें. आंकड्यावर पिसें व रेशीम गुंडाळून केलेली बनावट माशी इतकी हलकी कीं ती फेकली तर हातभरही जाणार नाहीं. म्हणून दोरीच वजनदार करितात आणि लवचीक काठीनें ती चाबकाप्रमाणें मागें-पुढें झुलवून माशी पाण्यावर अलगद उतरवितात. या क्रियेंत रिळाचा भाग कोणता? जवळजवळ कोणताच नाहीं. लागेल तेवढी दोरी डाव्या हातानें अगोदरच सोडवून घेतलेली असते, आणि लहान मासा लागला तर तोही हातानेंच दोरी ओढून जवळ आणितात. काश्मीरच्या किंवा निलगिरीच्या ओढ्यांतील लहानशा ट्राउटला रिळाची ओळखही होत नसेल. दिवसाचा बहुतेक वेळ हें यंत्र दोरी सांभाळणें आणि काठीचा तोल राखणें एवढेंच काम करितें.

हा छंद रिळावांचून शतकानुशतकें चालला, हें विसरतां कामा नये. आपल्या दख्खनवर राज्य करणाऱ्या चालुक्य सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासां’त (सुमारें ११३०) गळाच्या खेळावर ‘मत्स्यविनोद’ नांवाचें स्वतंत्र प्रकरण आहे. चिनी चित्रकार मा युआन याच्या सुमारें ११९५ च्या चित्रांत होडींतल्या एकट्या माणसाच्या काठीला चाक दिसतें खरें. पण इंग्रजी पुस्तकांत त्याचा उल्लेख येण्यास १६५१ साल उजाडावें लागलें. वॉल्टनचा प्रसिद्ध ग्रंथ १६५३ चा. त्या काळीं बहुतेक इंग्रज घोड्याच्या केसांची दोरी काठीच्या शेंड्यालाच बांधून मासे धरीत.

मग रीळ व्यर्थच म्हणावें काय? तसें म्हणणें अन्यायाचें होईल. एच्. एस्. थॉमस या मद्रासकडील सनदी अधिकाऱ्यानें १८७३ च्या आपल्या ‘दि रॉड इन इंडिया’ या ग्रंथांत महासीराला विलायती सामनपेक्षां वरचढ ठरविलें आहे. आणि १९४६ सालीं कावेरीच्या खोऱ्यांत १२० पौंडांचा महासीर गळाला लागल्याची नोंद आहे. असला मासा धांवूं लागला कीं सारी मदार रिळावर येते. वेटोळ्यांचा व्यास तीन इंच धरला तर एका फेऱ्यास सुमारें साडेनऊ इंच दोरी सुटते. मासा तीस यार्ड गेला कीं शंभरावर फेरे कांहीं क्षणांत होतात. शिवाय दोरी सुटतां सुटतां व्यास घटतो, आणि चाकाचा अटकाव तोच असूनही धाग्यावरचा ताण वाढत जातो. व्यास निम्मा झाला कीं ताण दुप्पट! स्वस्त रिळाचा अटकाव आधीं अडतो व मग एकदम सुटतो, आणि त्या हिसक्यांत माशीजवळचा बारीक धागा तुटतो. उंची रिळांत बुचाच्या किंवा कार्बनच्या चकत्यांचें घर्षण पहिल्या क्षणापासून सारखें राहतें, आणि वाळू व खारें पाणी आंत शिरूं नये म्हणून तो भाग बंद केलेला असतो. समुद्रकांठच्या मोठ्या माशांमागें जाणाऱ्यानें याकरितां पैसे मोजले तर त्यास मी उधळ्या म्हणणार नाहीं.

पण हा गुण मध्यम किंमतीच्या रिळांतही मिळतो. त्यावर जो पैसा जातो तो झिलईचा, कारागिरीचा आणि नांवाचा. इंग्लंडांतील अ‍ॅल्निक येथील हार्डी यांचें ‘परफेक्ट’ रीळ १८९१ पासूनचें. जुनीं ‘परफेक्ट’ रिळें आजही लोक हौसेनें विकत घेतात व मुलांस ठेवून जातात. हा हिशेब रास्त आहे, परंतु तो दागिन्याचा हिशेब आहे. जाहिरातवाले मात्र तसें सरळ सांगत नाहींत. ते विमानाच्या धातूचा हटकून उल्लेख करितात. रोहूला विमानाशीं काय कर्तव्य?

नीरेवर या रिळाची परीक्षा झालीच. आमच्याकडे नदी म्हणजे बंधाऱ्यांनीं अडविलेल्या डोहांची माळ. पलीकडे सोलापूर जिल्हा, आणि दोन्ही कांठांशीं जलपर्णी. भाच्यानें भाकरीच्या तुकड्यासारखी दिसेल अशी पांढऱ्या लोकरीची माशी बांधली होती. तिसऱ्या दिवशीं तिला चांगला थोरला रोहू लागला आणि सरळ जलपर्णीकडे निघाला. रिळानें आपलें काम निर्दोष केलें. म्हणजे अत्यंत गुळगुळीतपणें दोरी देत राहिलें! शेजारीं जाळें सोडवीत बसलेले कोळीबुवा ओरडले, “चाक दाबा, चाक! अंतर कुठंय पळू द्यायला?” बटण पिळून अटकाव वाढवितां आला असता, पण तेवढी फुरसत रोहूनें दिली नाहीं. दुसऱ्या दिवशीं भाच्यानें आपलें जुनें, तीन हजारांचें रीळ लाविलें. त्याची कड उघडी असते, तिला तळहात टेकून त्यानें दीड किलोचा मासा कांठाशीं आणिला. एका माशावरून सिद्धांत काढूं नये हें मला कळतें. पहिला मासा मोठा होता हेंही खरें.

परंतु ज्या माशाकरितां तें महाग रीळ घडविलें, तो आतां आमच्याकडे कोठें आहे? कर्नल सायक्स यानें १८३९ सालीं पुण्याजवळच्या मुळा-मुठेंतल्या महासीराचें वर्णन करून मराठी लोकांच्या तोंडचें ‘खुद्री’ हेंच नांव शास्त्रांत कायम केलें. आज त्याची पैदास लोणावळ्याजवळ वळवणच्या तलावावर टाटांच्या वीज कंपनीस मुद्दाम करावी लागते. आमच्या डोहांत रोहू, कटला, चिलापी, क्वचित् मरळ. आणि उन्हाळ्यांत पाणी आटून वरून मळीचें काळें पाणी आलें कीं तेही पोट वर करून कांठाला लागतात. त्या दिवसांत पन्नास हजारांचें रीळ आणि कोळीबुवांचें जाळें यांची योग्यता सारखीच.

बहिणीला मीं उत्तर दिलें, “येथें नाहीं.” भाच्याला तें पटलें असावें, किंवा मामाचा मान त्यानें राखला असावा. उंची रीळ पिशवींत घालून तो परत गेला. दुसरें मात्र माझ्याकडे ठेविलें. फाल्गुनांत बंधाऱ्याला पाणी होतें तोंवर मीं तें वापरलें.