सात मिनिटांची नदी
१९९४, डब्लिन. युरोव्हिजन स्पर्धेत मतदान चालू असताना मधला वेळ भरायला सात मिनिटांचा ‘रिव्हरडान्स’ ठेवला होता. त्या वर्षीची गाणी आता कुणाला आठवतात? हा मध्यंतराचा तुकडा मात्र मी यूट्यूबवर कितीदा पाहिलाय. आधी अनूना वृंदाचे संथ सूर, मग जीन बटलरची हलक्या पावलांची नदी-स्त्री. मला तीच आवडते. पण मायकल फ्लॅटली झेपावत येतो आणि तिची नदी टाचांच्या गडगडाटात बुजते. आयरिश पुराणातली बोआन इतकी सौम्य नाही. निषिद्ध विहिरीला ती उलटी प्रदक्षिणा घालते. पाणी उसळतं, तिचा जीव घेत समुद्राकडे धावतं. तीच बॉइन नदी. बिल व्हेलनच्या संगीतात ही उसळी आहे, पण ती सगळी फ्लॅटलीच्या बुटांना दिलीय.