प्लेगची गोष्ट आणि एक जनुक

एच.आय.व्ही. विषाणू पांढऱ्या पेशीत शिरताना बहुधा तिच्या पृष्ठभागावरच्या सीसीआर-५ या प्रथिनाचा आधार घेतो. या प्रथिनाच्या जनुकातली डी.एन.ए.ची ३२ अक्षरं गळली, तर प्रथिन पृष्ठभागावर येतच नाही. असं जनुक आई आणि वडील दोघांकडूनही मिळालं असेल, तर सहसा लागण होत नाही, हे १९९६ साली दिसून आलं. उत्तर युरोपात या जनुकाच्या दहा प्रतींपैकी साधारण एक अशी असते. म्हणजे १/१० × १/१०, शंभरात एखादी व्यक्ती.

एवढं प्रमाण कसं? चौदाव्या शतकातल्या प्लेगमधून असे लोक जास्त वाचले, हे उत्तर १९९८ साली मांडलं गेलं आणि लोकप्रिय झालं. आम्हाला ते पटत नाही. २००४ साली सीसीआर-५ नसलेल्या उंदरांना प्लेगचे जीवाणू टोचले, तेव्हा तेही इतर उंदरांसारखेच मेले. २००५ साली हा बदल जर्मनीतल्या सुमारे २९०० वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांत सापडला.

'एड्सविरोधी जनुक' हे नावही फसवं आहे. एच.आय.व्ही. माणसात आला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. हा बदल त्याच्या हजारो वर्षं आधीचा. पुढच्या संकटाची तयारी उत्क्रांती करत नाही. शिवाय या विषाणूचे काही प्रकार दुसऱ्या प्रथिनाच्या वाटेनंही पेशीत शिरतात.

वर्गात ही गोष्ट जरूर सांगावी, पण 'याला पुरावा काय?' हा प्रश्न जोडूनच.