तिसऱ्या रिचर्डचे स्वगत आणि आमचे उमेदवार

नाट्यशिक्षणाच्या प्रवेशचाचणीस अभिजात नाटकातील एखादा उतारा म्हणून दाखवावा लागतो. अशा वेळी आमची तरुण मंडळी, मग ती मडगावची असोत वा इंदूरची, पुष्कळदा शेक्सपिअरच्या 'तिसरा रिचर्ड'कडे वळतात आणि नाटक उघडताच येणारे रिचर्डचे स्वगत उचलतात. ही निवड आम्हांस मुळातच चुकीची वाटते.

ते स्वगत थोर आहे, यात शंका नाही. परंतु लॉरेन्स ऑलिव्हिएच्या १९५५ मधील चित्रपटामुळे ते परीक्षकांच्या कानांत आधीच घुमत असते. शिवाय ऑलिव्हिएने त्यात 'सहावा हेन्री'च्या तिसऱ्या भागातील ओळी मिसळल्या आहेत. चित्रपटावरून पाठ करणारा उमेदवार दोन नाटकांची खिचडी एकाच नाटकाच्या नावावर खपवतो आणि ते त्याच्या गावीही नसते! पल्लेदार वाक्यांवर टाळ्या घेण्याची आमच्या रंगभूमीची जुनी सवय येथे भर घालते. कुबड, लंगडणे, तिरका कटाक्ष एवढे दाखविले की रिचर्ड झाला, असे समजले जाते.

त्यापेक्षा चौथ्या अंकातील टिरेलचे भाषण पाहावे. लंडनच्या टॉवरमध्ये दोन राजपुत्रांची हत्या होते, ती रंगमंचावर दिसत नाही. टिरेल ती सांगतो. तीही त्याने स्वतः केलेली नाही. ज्यांच्याकडून करविली ते डायटन आणि फॉरेस्ट सांगता सांगता रडले, हे तो सांगतो. म्हणजे नटापुढे एकाच वेळी तीन माणसे आणि निजलेली दोन मुले उभी राहतात, अवघ्या बावीसएक ओळींत. त्यानंतर लगेच राजा येतो, आणि याच माणसाला काम फत्ते झाल्याची वर्दी द्यायची असते. हा पालट ज्याला साधला त्याला अभिनय कळतो, असे आम्ही निःशंक म्हणू.

क्लॅरेन्सचे स्वप्न अधिक मोहक आणि अधिक फसवे. स्वप्नात अडखळलेल्या भावाचाच धक्का लागून आपण जहाजावरून पडतो. समुद्रतळाशी कवट्यांच्या खोबणीत रत्ने चमकतात. पण त्या भावानेच मारेकरी धाडले आहेत, हे क्लॅरेन्सला अद्याप ठाऊक नाही. उमेदवाराला मात्र ठाऊक असते, आणि त्याचा स्वर पहिल्याच ओळीपासून सुतकी होतो. पुढचा परलोकाचा भागही वेळेत कोंबू पाहणाऱ्यांची तर नुसती धांदल उडते. समुद्रापर्यंत थांबावे.

मुली बहुधा सासऱ्याच्या शवापाशी विलाप करणारी अ‍ॅन निवडतात. आम्ही चौथ्या अंकातील अ‍ॅन सुचवू. रिचर्डची जी कोणी बायको होईल तिला तिने पूर्वी शाप दिला होता. तो आपल्यालाच कसा लागला, हे ती आता एलिझाबेथ राणीला सांगते. रिचर्डच्या दुःस्वप्नांनी तिला एक घटकाही सुखाची झोप नाही. येथे आक्रोशाला वाव कमी, स्वतःचाच उपहास अधिक. समोर ऐकणारी बाई आहे, हे मात्र विसरू नये. एलिझाबेथ कोठे उभी आहे, हे आधी ठरवून मगच तोंड उघडावे. परीक्षकालाच एलिझाबेथ करून त्याच्या डोळ्यांत डोळे घालून बोलू नये.